चाळीस तारांचं चाक

२४ जून, मंगळवार

वजन जास्त म्हणे! सायकल विकताना ह्याचे डोळे काय गहाण पडले होते? माझा मयूर दुकानात शिरला तेव्हा मी त्याला घडी घालून पिशवीतून आणला नव्हता. दारातून आडवा होऊन आत आला, समोर उभा राहिला, तेव्हा ह्या दादरच्या दुकानदाराला वजन दिसलं नाही. आणि आज मोडकं चाक काउंटरवर आपटलं तर म्हणतो, "मॅडम, हे चोवीस स्पोकचं चाक आहे, हे साठ-सत्तर किलोच्या माणसासाठी असतं. तुमच्या मुलाने चालवायला नको होती." मग कोणी चालवायची होती? मी? मी पण काय साठ किलोची नाही.

म्हणतो, सायकलीबरोबरच्या पुस्तकात लिहिलंय. मी म्हटलं, पुस्तकं वाचायची सवय असती तर तुझ्या दुकानात कशाला फसले असते. चौथी झालेय मी, ती पण मास्तरांच्या मेहेरबानीने.

काल संध्याकाळी लालबागच्या पुलाखाली एक खड्डा आला आणि मागचं चाक भाजलेल्या पापडासारखं वाकलं. मयूर रस्त्यात बसला. कोणीतरी ओरडलं, "क्रेन बोलवा रे!" सगळे हसले. हसणाऱ्यात दोघे आमच्याच चाळीतले. मयूर उठला. सायकल खांद्यावर टाकून घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. आज दुपारपर्यंत भिंतीकडेच.

ही डायरी रुपालीची, माझ्या पोरीची. तिला ऑफिसात फुकट मिळते. म्हणाली, "आई, तुझं तोंड सुरू झालं की दादा आणखी आत जातो. बोलायचंय ते ह्याच्यात लिही." बरं, लिहिते. पण दुकानदाराला तोंडानेच बोलले आणि परत बोलेन.

२६ जून

रुपाली म्हणते नुसत्या शिव्या लिहू नको, काय झालं ते पण लिही. तर लिहिते.

मयूर माझा मोठा. सत्तावीस सरलं. अंगाने बापावर गेला, बाप पण असाच दरवाजा भरून यायचा. बाप जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या काळाचौकीत पोरगा जाडा असला की लोक हसतात, पण श्रावण लागला की त्यालाच शोधत येतात. पंधराव्या वर्षापासून मयूर गोविंदा पथकात सगळ्यात खालच्या थरात. "मयूर आला का? मग लावा थर." वरच्या पोरांचे फोटो येतात. खालच्याचं डोकं पण दिसत नाही. मला मात्र बरोबर कळायचं, माझा कुठे उभा आहे ते.

गेल्या गोपाळकाल्याला थर कोसळला. भावेश वरून पडला, डोक्यावर. सहाव्या दिवशी गेला. पिठोरीची अमावस्या होती. आया पोरांसाठी उपास धरतात त्याच दिवशी.

भावेश शीवच्या कोळीवाड्यातला. शेवंता मासेवालीचा एकुलता एक. शाळेत दोघं एका बाकावर. निम्मा वेळ आमच्याकडे पडलेला असायचा, मला काकी म्हणायचा, माझ्या हातचे घावणे मोजून न खाणारा तो एकच.

तेव्हापासून मयूरने नोकरी सोडली, पथक सोडलं, जिना उतरायचं सोडलं. फक्त खाणं सोडलं नाही. डॉक्टरने सांगितलं, साखर आलीय, गुडघे चालायचे नाहीत, सायकल चालव. सायकल म्हटल्यावर तोंडावर काहीतरी आलं त्याच्या. इतक्या महिन्यांत पोराने एक वस्तू मागितली, आणि ती पण मोडकी निघाली.

२९ जून

परळच्या नाक्यावर धोंडू सायकलवाला बसतो. तोंड चालतं त्याचं, हातापेक्षा जास्त. मोडकं चाक बघून म्हणाला, "वहिनी, हे चाक नव्हे, ही तर बांगडी."

मी म्हटलं, जोक मारू नको, चाक बनव. मुलाचं वजन एकशे वीस आहे.

तेव्हा जरा सरळ बसला. मला वाटायचं माणूस खालच्या तारांवर बसलेला असतो. तो म्हणाला तसं नसतं, सगळ्या तारा ताणलेल्या असतात, एकमेकींना धरून असतात, भार सगळ्यांत वाटला जातो. चोवीस असल्या तर एकेकीच्या वाट्याला जास्त येतो. भारी माणसाला छत्तीस पाहिजेत, त्या पण जाड, आणि मागच्या चाकाला आधी, कारण माणूस मागेच बसतो. रिंगला छत्तीस भोकं तशी मधल्या हबला पण छत्तीस भोकं लागतात, म्हणजे सगळंच नवीन.

"मग चाळीस टाक की," मी म्हटलं. "कंजूसपणा कशाला?"

"चाळीस दूधवाल्याला लागतात, गॅसच्या टाक्या नेणाऱ्याला लागतात. तुमचा मुलगा एकटाच बसणार ना? एकट्याला छत्तीस बस्स."

हे मला पटलं. थराचं पण तसंच. खाली माणसं जास्त उभी केली तर एकेकाच्या खांद्यावर कमी येतं. मग मी धोंडूला विचारलं, एखादी तार सैल राहिली तर? म्हणाला, "सैल असते ती तुटत नाही वहिनी. शेजारची तुटते."

५ जुलै, शनिवार

चाक आलं. मयूर जागचा हलेना. मी म्हटलं, "एवढी परळपर्यंत तंगडतोड केली ती काय शोकेसला लावायला?" रुपालीने माझ्याकडे डोळे वटारले. मी गप्प झाले. गप्प म्हणजे अर्धी गप्प.

मग पोरगा उठला. चाकाजवळ खाली बसला आणि एकेक तार बोटाने वाजवत गेला. टण टण. सगळ्यांचा आवाज सारखा येतो का बघत होता. पूर्ण चाक फिरवून बघितलं. मी म्हटलं, सतार आहे का ती? तर हसला. लिहून ठेवते, आज हसला.

अंधार पडल्यावर गेला, कोणी बघायला नको म्हणून. जाऊन आला तेव्हा घामाने निथळत होता. चाक सरळ होतं.

२० जुलै

रोज जातो. शीवच्या किल्ल्यापर्यंत जातो म्हणाला. मी म्हटलं, तिथे काय आहे? "काही नाही, बसतो." एक भाकरी कमी खातो. पँट सैल झाली, दोरी बांधतो. छत्तीस तारांनी माझं पोर उचललं असं म्हणायला हरकत नाही. दादरवाल्याला पँट नेऊन दाखवणार होते, रुपालीने नेऊ दिली नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा झाली, आणि झाल्या झाल्या एक तार तुटली. मागच्याच चाकाची, हबजवळ वाक असतो तिथे. धोंडूकडे गेले. म्हणाला, एखादी तार खराब निघते, टाकतो बदलून. मी म्हटलं, माझ्या नशिबाला खराबच निघते.

मयूर आता संध्याकाळचा जात नाही. पहाटे उठून जातो, मी पाणी भरायला उठते तेव्हा सायकल नसते. मागे कॅरियर बसवून घेतलं, जाड लोखंडाचं. कशाला म्हटलं तर म्हणे, टॉवेल ठेवायला. टॉवेलला एवढं लोखंड!

१६ ऑगस्ट, शनिवार

गोपाळकाला. सकाळपासून ढोल. पथकाची पोरं दारात आली, नुसतं उभं राहायला बोलवत होती. मी सांगितलं, मयूर घरात नाहीये. एक जण म्हणाला, "काकी, कोणी त्याला दोष देत नाही." मी म्हटलं, दोष द्यायला त्याने केलंय काय? माझ्या पोराचा पाय हलला नव्हता. वरच्यांनी घाई केली. मी समोरच्या गॅलरीतून बघत होते, मला सांगू नका. पोरं खाली बघून निघून गेली.

मयूर आला तो दुपार करून. शर्ट धुवायला घेतला तर बाहीला चमचम काहीतरी चिकटलेलं. खवलं! माशाचं खवलं! वास घेतला तर तोच. श्रावण चाललाय, घरात कांदा पण जपून घालतोय आम्ही, आणि हा बाहेर कुठल्या खानावळीत बसून मासे हाणतो! डॉक्टर एकीकडे, देव एकीकडे, आणि हा पापलेटाकडे. आल्या आल्या सोलून काढला असता, पण दिवस कुठला होता ते आठवलं आणि शर्ट बादलीत टाकला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आणखी दोन तारा तुटल्या. आता मी ठरवलं, वजन करायचं. बाहेर जेवून वाढलाच असणार. खालच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभा केला. भंगारवाला म्हणाला, "मावशी, काय भावाने देणार?" मी म्हटलं, तुझ्या दुकानासकट घेशील तरी परवडणार नाही.

एकशे चार भरला.

मी परत तोलायला लावलं. एकशे चारच. सोळा किलो उतरलाय पोरगा. मग तारा कशा तुटतात?

धोंडूला विचारलं तर तो पण डोकं खाजवायला लागला. एकशे वीसला जे चाक हललं नाही ते एकशे चारला तुटतं. मग कॅरियर बघितलं, बोटाने दाबलं आणि डोळे मिचकावून म्हणाला, "वहिनी, मुलगा डबल सीट घेतो कोणालातरी."

घरी येईपर्यंत मला सगळं उलगडलं. पहाटेचं जाणं, लोखंडी कॅरियर, खवलं. पोरगी आहे. कोळ्याची आहे. मासे तिच्याच घरी खातो. असू दे. कोळ्याची तर कोळ्याची, मला काय. पोरगा उठून बसला ना? श्रावणाचं काय ते माझं मी देवाशी बघून घेईन. रुपालीला सांगितलं. म्हणाली, "आई, तुला खरंच असं वाटतं?" मत्सर, दुसरं काय. तिचं अजून जमत नाहीये.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पिठोरी. खीर-पुऱ्या केल्या. आमच्यात आई वाण डोक्यावर धरते, पोरांकडे पाठ करते आणि विचारते, "अतिथी कोण?" पोराने मागून नाव सांगायचं आणि वाण घ्यायचं. एवढा घोडा झाला तरी मयूर दर वर्षी "मी मयूर" म्हणून घ्यायचा, आणि भावेश असला तर तो मध्येच हात घालायचा, "काकी, मी पण आहे."

आज हात भरून आले तरी मी विचारत राहिले. अतिथी कोण? मागे कोणी नाही. शेवटी रुपाली ऑफिसातून आली, तिने चप्पल न काढताच घेतलं.

मयूर उशिरा आला. खीर ठेवली होती, खाल्ली नाही. म्हणाला, पोट भरलंय. मी म्हटलं, आजच्या दिवशी पण तिकडेच? "हो," म्हणाला. डोळे लाल होते. भांडण झालं असेल पोरीशी.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज मी मागून गेले. मला काही लपवून ठेवलेलं चालत नाही. धोंडूनेच पहाटे सायकल भाऊच्या धक्क्याकडे वळताना बघितली होती, तर टॅक्सी करून तिकडे गेले. धक्क्यावर ही गर्दी, ओरडाआरडा, लिलाव, बर्फाचं पाणी. माझी चप्पल चिखलात राहिली.

मयूर दिसला. लांबून पण दिसतो तो. कॅरियरवर मोठी थर्माकोलची पेटी बांधत होता, मासे आणि बर्फ भरलेली. दोघांनी उचलून ठेवली ती. मग सायकलवर बसला नाही लगेच. शेजारी एक बाई उभी होती, तिने पदराने त्याच्या मानेवरचा घाम पुसला. त्याने मान खाली केली, पुसू दिलं.

पोरगी नव्हती. शेवंता होती. भावेशची आई.

मी ओरडणार होते. तोंड उघडलं होतं. पण तो गर्दी संपेपर्यंत सायकल ढकलत, पेटीला एका हाताने धरून निघाला आणि ती मागून चालत, पेटीवर हात ठेवून. पूर्वी हे काम भावेश स्कूटरवरून करायचा. मी तिथेच एका उलट्या टोपलीवर बसले. टोपलीवाली म्हणाली, "उठ गो, धंद्याचा टायम हाय." उठले.

एका चपलेने घरी आले.

शेवंताशी मी वर्षभर बोललेले नाही. हॉस्पिटलात ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सुभद्रे, तुझ्या पोराचा खांदा होता ना खाली? मग माझा कसा पडला?" मी म्हटलं, तुझ्या पोराला वर चढ म्हणून माझ्या पोराने सांगितलं नव्हतं. खोटं काय होतं त्यात?

७ सप्टेंबर, रविवार

गणपती होते म्हणून तोंड बंद ठेवलं. काल विसर्जन झालं. आज विचारलं.

"तिची पेटी तू का वाहतोस?"

"तिला कोण आहे दुसरं?"

"टेम्पो आहेत. बाकीच्या कोळणी नेतातच ना?"

"आई," म्हणाला, "माझा गुडघा सटकला होता."

मी म्हटलं, नाही.

"सटकला होता. मला कळलं होतं. आधी कळलं होतं. 'उतरा' म्हणून ओरडायला पाहिजे होतं. वाटलं, धरेल अजून. वाटलं, मी ओरडलो तर सगळे म्हणतील मयूर दमला."

मी म्हटलं, नाही. मी गॅलरीतून बघत होते. तुझा पाय हलला नाही.

"तुला माझं डोकं पण दिसत नव्हतं, आई."

मी सांगितलं, हे परत बोलायचं नाही. कोणाला बोलायचं नाही.

"शेवंताकाकीला सांगितलं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी."

मग मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच परत घासली. गुडघा सटकला नव्हता. पोरगा वर्षभर एकटा पडून पडून काहीबाही डोक्यात घेतो. डॉक्टरला सांगायला पाहिजे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे ऐकलं ते आधी लिहिते.

पितृपक्ष चाललाय. भावेशला वर्ष झालं, आता तो पितरांत धरायचा. अमावस्येला शेवंताकडे त्याचं पान आहे. आणि पाटावर पितर म्हणून जेवायला मयूर बसणार! मला विचारलं नाही, सांगितलं. "आई, एकवीसला मी घरी जेवणार नाही, काकीकडे भावेशच्या पाटावर बसायचंय."

मी जी सुटले ती सुटलेच. माझं जिवंत पोर मेलेल्याच्या जागी! त्याच्या आवडीचं वाढणार, त्याच्या नावाने वाढणार, हात जोडणार, आणि हा खाणार! ती बाई माझा पोरगा खायला बसलीय असं पण मी म्हटलं. चाळीने ऐकलं असेल. ऐकू दे.

रुपाली म्हणाली, "आपल्याकडे अजितकाका दर वर्षी बाबांच्या पाटावर बसतात. ते मेले का?"

ते वेगळं. अजितकाका शेजारचे, म्हातारे, त्यांना वड्यांसाठी कोणाचाही पाट चालतो. आणि ते जेवतात, पान खातात आणि समोरच्या दारात शिरतात. मला माहीत असतं ते कुठे गेले. मयूर उठून कुठे जाणार आहे? त्याची पहाट तिची, त्याचा घाम तिचा, पिठोरीला पण तिच्याकडे होता. आता जेवण तिच्या पोराचं. माझ्याकडे फक्त झोपायला येतो.

मयूर दार लावून बसला. मी ही डायरी उघडली.

१४ सप्टेंबर, रविवार

मागची रिंगच फाटली. तारेच्या भोकाजवळ चीर गेलीय. पेटी रस्त्यात पडली असती, मयूरने अंगावर घेतली. कोपर सोललंय. तशीच डोक्यावर घेऊन मार्केटपर्यंत नेली म्हणे. रुपालीने सांगितलं, तो मला सांगत नाही.

चाक घेऊन मीच धोंडूकडे गेले. कोण जाणार दुसरं. ह्या वेळी धोंडूने जोक मारला नाही. म्हणाला, "वहिनी, खरं वजन सांगा. तुम्ही एकट्या माणसाचं सांगितलंत, मी एकट्याचं चाक बांधलं. चूक माझी पण आहे, मी कॅरियर बघून गप्प बसायला नको होतं."

मी सांगितलं. मुलगा एकशे दोन, आता आणखी उतरला असेल. पेटी भरलेली, बर्फासकट, दोन माणसं उचलतात. रोज, धक्क्यापासून मार्केटपर्यंत.

"म्हणजे चाळीस."

"मग चाळीस टाक."

"दूधवाल्याच्या काळ्या सायकलची रिंग चाळीस भोकांची येते, पण मापाला मोठी, ह्या सायकलला बसणार नाही. ह्या मापाची चाळीसची शोधायला लागेल. फणसवाडीकडे एक जुना माल ठेवणारा आहे, त्याच्याकडे बघतो." मग म्हणाला, "वहिनी, चाळीस टाकल्या की तो रोज नेणार. मोडकं राहिलं तर आपोआप सुटेल."

मला हे सुचलं नव्हतं असं नाही. येताना सगळ्या रस्त्याने तेच सुचत होतं.

मी म्हटलं, टाक. त्याच्या अंगावर पेटी पडण्यापेक्षा बरं.

१७ सप्टेंबर, बुधवार

चाक मिळालं. मी घरी आणून माझ्या पलंगाखाली ठेवलंय, मयूरला दाखवलं नाही. तो पायी जातो पहाटे, गुडघ्याला पट्टा बांधून.

दुपारी मार्केटात शेवंताच्या पुढे जाऊन उभी राहिले. पितृपक्ष, गिऱ्हाईक नाही. बोंबलांवर पाणी मारत बसली होती. मला बघून म्हणाली, "ये गो सुभद्रे. भांडायला आलीस तर पाट घे, उभ्याने दमशील."

पाट घेतला नाही. मी म्हटलं, "माझ्या पोराला तू पितर बसवणार?"

"मी नाही," ती म्हणाली. "त्यानेच विचारलं."

मला आधी समजलंच नाही.

"मी माझ्या दिराला सांगणार होते. मयूर म्हणाला, काकी, मी बसतो. मी म्हटलं, आई काय म्हणेल? तर म्हणाला, मीच बसायला पाहिजे." पाणी मारायचं थांबवलं तिने. "तुला काय वाटतं, मी त्याला बांधून ठेवलंय? पेटी उचलायला मी बोलवलं नव्हतं. पावसाळ्याची बंदी उठून होड्या सुटल्या त्या दिवसापासून येऊन उभा राहतो. नको म्हटलं, टेम्पोत जागा आहे म्हटलं. जात नाही. रोज समोर आला की वाटतं लोकांना, हिला पोर परत मिळालं. मला तो दिसला की भावेश नाही हेच दिसतं. दिवसाची सुरुवातच तिथून."

"मग त्याला तसं सांग ना!"

"कसं सांगू? घामाने निथळत पेटी धरून उभा असतो. तू सांगू शकली असतीस?"

मग तीच म्हणाली, हळू, "गुडघ्याचं तुला सांगितलंन का त्याने?"

मी म्हटलं, हो.

एवढंच. वर्षभर नाही नाही म्हणत होते, आणि तिथे मासळीच्या पाण्यात उभी राहून हो निघालं तोंडातून. ती रडली नाही, मी पण रडले नाही. बोंबलांवर माशी बसली ती तिने हाकलली.

मग मी तिला सरळ सांगितलं. माझ्याने गोड बोलता येत नाही, ते तिला माहीत आहे. मी म्हटलं, "शेवंता, बसव त्याला. मी अडवत नाही. भावेशला घावणे आवडायचे, ते मी करून पाठवते, नारळाच्या रसाबरोबर. पण श्राद्धाचं जेवून उठलेल्याला 'परत या' म्हणत नाहीत, आपण गप्प राहतो. तू नुसती गप्प राहू नको. तो पाटावरून उठला की त्याच्या तोंडाकडे बघ आणि म्हण, 'जा. मयूर, तुझ्या घरी जा.' नाव घेऊन म्हण. माझं तो ऐकत नाही. मी हजार वेळा सांगितलं, तुझा पाय हलला नाही, ते त्याला उपयोगाचं नाही. पाय हलला हे माहीत असलेल्या बाईने जा म्हटलं पाहिजे."

शेवंता म्हणाली, "आणि जमलं नाही तर?"

"म्हणजे?"

"जा म्हणायला तोंड उघडलं आणि दुसरंच काही निघालं तर? वर्षभर मी ते दुसरंच रोज गिळते, सुभद्रे."

मी म्हटलं, "त्यासाठीच चार दिवस आहेत तुला. मनाशी म्हणून बघ. बोंबलांना म्हणून बघ. पेटीसाठी तो आला तर येऊ दे, चाळीस तारांचं चाक बांधून घेतलंय मी, कितीही भर. पण मयूर म्हणून येऊ दे आणि मयूर म्हणून घरी येऊ दे. चाक माझ्याकडे आहे, अजून दिलं नाही त्याला. रविवारी अमावस्या. 'जा' म्हणशील की नाही, ते मला शनिवारी दिवे लागायच्या आत सांग. हो तर हो, नाही तर नाही. त्या दिवशी मी मार्केट सुटेपर्यंत समोरच्या पायरीवर बसून राहीन, पण उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही."